फ्रिजमधली जिवंत पाकिटं

"सूनबाई, ही पाकिटं जिवंत आहेत बरं का! यांना ऊन लागू द्यायचं नाही, उष्णता सोसत नाही. पेरणीपर्यंत इथून हलवू नका."

सासऱ्यांनी फ्रिजचं दार लावता लावता हे बजावलं, तेव्हा ती बाळाची दुधाची बाटली उकळत्या पाण्यातून चिमट्याने बाहेर काढत होती. "हो बाबा," ती म्हणाली. या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

थोड्या वेळाने दूध ठेवायला तिने फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात छकुलीच्या बाटलीच्या जागेला खेटून काळ्या भुकटीची पाच पाकिटं बसली होती. वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'जिवाणू संवर्धक, वाटाण्यासाठी'.

जिवाणू! आठ महिन्यांची पोर, आणि तिच्या दुधाशेजारी जिवाणू!

तशी ती पदवीधर होती. सगळे जिवाणू वाईट नसतात, हे तिने महाविद्यालयात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण आई झाल्यापासून ते ज्ञान कुठल्या कुठे पळालं होतं. दारावर कुणी शिंकलं तरी ती छकुलीला उचलून आतल्या खोलीत न्यायची. "आपल्याकडे बाळापेक्षा बाटलीच्या अंघोळी जास्त होतात," असं नवरा चिडवायचा, आणि ती त्याला हात धुवायला पाठवायची.

तिने पाचही पाकिटं पिशवीत गुंडाळली आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत, अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली. कुणाला विचारलं नाही. सांगितलंही नाही. दुपारी ते छत इतकं तापायचं की त्याच्याखाली क्षणभर उभं राहवायचं नाही. पाकिटं तिथे अकरा दिवस होती. "उद्या पेरणी," असं बाबांनी जाहीर केलं, त्या संध्याकाळी तिने ती गुपचूप पुन्हा फ्रिजमध्ये आणून ठेवली. पाकिटं दिसायला जशीच्या तशी होती. काय बिघडणार आहे, असं म्हणून तिने विषय मनातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओसरीच्या सावलीत गोणपाट अंथरून बसले. साखरेचं पाणी उकळून आधीच गार करून ठेवलं होतं. त्यात ती भुकटी कालवून ते वाटाण्याच्या बियांना हलक्या हाताने चोळू लागले. दाण्याचं साल निघता कामा नये, पण एकही दाणा कोरडा राहता कामा नये. दोन वर्षांपासून त्यांचा डावा हात जरा थरथरायचा. तरी बियाण्याचं काम ते कुणाला देत नसत.

"बाबा, दरवर्षीसारखी नत्राची पोती टाकून मोकळे होऊ ना," नवरा म्हणाला.

"अरे, माती तपासून आणलीय. कमी आहे ते स्फुरद, तेवढं खत पेरताना देऊ. नत्र हे माझे कामकरी हवेतून ओढून मुळाला देतील. वर तू पोती ओतलीस तर ते आळशी होतील आणि तण मात्र माजेल."

"तुम्ही म्हणाल तसं," नवरा म्हणाला. पण त्याच्या आवाजात विश्वास नव्हता.

वाटाणा उगवला. महिनाभराने मात्र खालची पानं पिवळी पडू लागली. मग वरची. रोपं जागच्या जागी खुंटली, आणि मधल्या रिकाम्या जागेत तण हिरवंगार होऊन वर आलं. आधी नवरा हसण्यावारी नेत होता. "बाबा, तुमचे कामकरी संपावर गेलेत वाटतं!" मग एक दिवस जेवताना त्याचा तोल गेला.

"हात थरथरतो तर कशाला बसायचं बियाण्याला? पोती टाकू म्हणत होतो ना! पुढच्या वर्षीपासून बी माझ्याकडे राहील."

बाबांनी ताटातला घास तसाच ठेवला. रागावले नाहीत, वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून ते प्रत्येक गोष्ट विचारून करू लागले. "मी नळ बंद करू का?" "ही गोणी इथे ठेवली तर चालेल ना?" ज्या माणसाने हे घर आणि हे शेत चाळीस वर्षं सांभाळलं, तो माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागू लागला!

शेवटी नवऱ्याने शेतीखात्याच्या बाईंना बोलावलं. गावात त्यांना सगळे 'मुळंवाल्या बाई' म्हणायचे, कारण कुठल्याही शेतात गेल्या की त्या बोलण्याआधी रोप उपटायच्या. इथेही त्यांनी तेच केलं. दहा ठिकाणची दहा रोपं खणून काढली, बादलीत मुळं धुतली. मग बांधापलीकडच्या शेजाऱ्याला विचारून त्याच्या वाटाण्याचं एक रोप आणलं. त्या मुळांवर बारीक मण्यांसारख्या गाठी होत्या. बाईंनी एक नखाने फोडली.

"बघा, आत गुलाबी. म्हणजे जिवाणू जिवंत आहेत, कामाला लागलेत. तुमच्या मुळांवर गाठच नाही."

"बाबांचा हात आता..." नवरा म्हणू लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हात थरथरला तर काही दाण्यांना जास्त लागेल, काहींना कमी. दहाच्या दहा रोपं कोरी कशी निघतील? ही भुकटीच मेलेली असणार. घरात काही बिघडलं की आपण सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवतो. का, तर वय डोळ्यांना दिसतं! कारण शोधायला खणावं लागतं, तेवढे कष्ट कोण घेतो? काका, पाकिटं कुठे ठेवली होती?"

"फ्रिजमध्येच," बाबा सरळ मनाने म्हणाले. "मी स्वतः ठेवली होती."

छकुलीला कडेवर घेऊन ती मागेच उभी होती. अकरा दिवस! शब्द ओठापर्यंत आला आणि तिथेच अडला.

"मग दुकानातच खराब झाली असतील," बाई म्हणाल्या. "झालं ते झालं, पीक अजून हातचं गेलं नाही. फुलं यायच्या आत बेताने नत्र द्या. पण आधी सगळं तण काढा. नाही तर तुमचं खत तणच खाऊन टाकेल. वाटाणा लहानपणी फार दुबळा असतो, त्याला कुणाशी भांडता येत नाही."

नवऱ्याने मान हलवली. पण घरी परतताना तो पुटपुटलाच, "दुकानदाराला कशाला दोष द्यायचा?" ते बाबांनी ऐकलं. तिनेही ऐकलं.

दोन दिवसांनी खुरपणी ठरली. नवरा आणि दोन मजूर बाया सकाळीच पुढे गेले. ती शेतात न्यायच्या भाकरीची टोपली भरत होती. बाबा ओसरीवर नुसते बसले होते.

"बाबा, चला ना."

"मी येऊन काय करू? आणखी काही बिघडायचं."

"बरं, मग जरा छकुलीला धरा. मी एवढं आवरते."

तिने पोर पुढे केली. छकुलीने दोन्ही हात आजोबांकडे टाकले. आणि बाबा मागे सरकले!

"नको गं पोरी. हात धरेल की नाही, भरवसा वाटत नाही आता. पडली बिडली तर... तू गोधडीवर ठेव तिला, मी इथूनच बघतो."

बाळाला कुठे काही लागू नये म्हणून ती दिवसभर डोळ्यांत तेल घालून जगत होती. आणि त्याच बाळाच्या हातातून आजोबा हिरावून घेतले होते ते तिच्याच गप्प बसण्याने!

"बाबा," ती त्यांच्यासमोर खालीच बसली. "तुमच्या हाताने काही झालं नाही. मी केलं! पाकिटं मी फ्रिजमधून काढली. दुधाजवळ जिवाणू नकोत म्हणून पत्र्याखाली ठेवली. अकरा दिवस. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी परत आणली. बाई विचारत होत्या तेव्हाही मी गप्प बसले."

बाबांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे... माझ्या हाताने नव्हतं झालं?"

"नाही बाबा. अजिबात नाही!"

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, उलटसुलट करून पाहिले. डोळे भरून आले होते, पण ओठांवर हसू फुटत होतं. "अगं वेडे, मला विचारलं असतंस तर झाकणाचा डबा दिला असता. ते बिचारे वाटाण्याच्या मुळांवर जगणारे, तुझ्या लेकीच्या दुधाशी त्यांचं काय काम?"

"रागवा ना माझ्यावर."

"रागावणार आहेच. संध्याकाळी, निवांत," ते म्हणाले, आणि छकुलीला त्यांनी छातीशी घेतलं.

शेतात पोचल्यावर तिने सगळ्यांसमोर नवऱ्याला सांगितलं. त्याच्या हातातलं खुरपं थांबलं. ती बोलणी खायला तयार होती. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो झाडाखाली पोरीला घेऊन बसलेल्या बाबांकडे बघत होता.

"मी त्यांना काय काय बोललो गं!" तो म्हणाला. आणि उठून थेट त्यांच्यापाशी गेला. "बाबा, चुकलो. बाई सांगत होत्या तरी ऐकलं नाही."

"आधी तुझी ओळ पुरी कर. तण तसंच ठेवून माफी मागायला आलाय!"

मजूर बाया खो खो हसल्या. थोड्या वेळाने छकुलीला तिच्या आईकडे देऊन बाबाही खुरपं घेऊन ओळीत उतरले. सवयीचा हात तो, सगळ्यांच्या पुढे गेला.

तण निघालं, नत्राची हलकी मात्रा पडली, आणि पंधरवड्यात रोपांनी रंग धरला. उत्पन्न शेजाऱ्याएवढं आलं नाही, हे खरं. चुकीची भरपाई एवढी स्वस्त नसते. पण पुढच्या हंगामात बियाण्याला बाबाच बसले, आणि नवरा त्यांच्या शेजारी बसून शिकला.

मंडळी, न कळलेली गोष्ट विचारावी, यात लाज नाही. चूक झाली तर ती त्याच दिवशी सांगावी, कारण आपण गप्प बसलो की तिचं ओझं गप्प राहून दुसरं कुणी तरी वाहत असतं. आणि बहुतेक वेळा ते माणूस म्हातारं असतं, कारण त्याच्यावर आळ घेणं सगळ्यात सोपं!

आता ही सून, भेटेल त्याला, एवढंच सांगते, तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या घरात कुणी वडीलधारं अलीकडे फार विचारून विचारून वागू लागलं आहे का? 'बरं' म्हणून गप्प बसू लागलं आहे का? हे वाचून झालं की उठा, त्यांच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्यांना कुणी काय बोललं ते विचारा. उद्यावर टाकू नका.