कंपनीच्या हद्दीतलं झाड

लवंगेला कळ्या धरल्या की आंबोन बेटासमोरच्या होआमोआलच्या डोंगरावरचं ते गाव हळू बोलायला लागायचं. झाड गर्भार आहे, असं सगळे मानायचे. पुरुष त्याच्याखालून जाताना डोक्याचा रुमाल काढून हातात घेत, रात्री कुणी दिवटी घेऊन तिकडे फिरकत नसे, आणि बायकांना भांडायचंच असलं तर त्या समुद्रकाठी जाऊन भांडत. नवी नवरी होऊन आलेल्या हावाला याचं फार हसू आलं होतं. म्हातारपणी मात्र तिला सगळ्यात जास्त आठवायची ती हीच शांतता, आणि तिच्यातून झिरपणारा तो ओला, तिखट वास.

मूल झालं की लवंगेचं रोप लावायचं, मुळाशी विडा ठेवायचा आणि रोपाला मुलाचं नाव सांगायचं. झाड वाढेल तसं मूल वाढतं, झाड पडलं तर मुलाचंही काही खरं नाही. हावाच्या इद्रिसचं झाड घरामागच्या उतारावर होतं. त्या साली त्याला पहिल्यांदाच कळ्या आल्या होत्या.

त्याच साली लवंगांसाठी आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कंपनीचं आरमार गावाखाली आलं.

"लवंगा विकत घ्यायला आलेल्या माणसाला तोफा कशाला लागतात?" असं हावाचे सासरे विचारायचे, आणि स्वतःच हसायचे. पण या व्यापाऱ्यांनी किल्ला बांधला, राजांशी तह केले, लढाया पुकारल्या आणि पाण्यावर रेघ मारावी तशी हद्द आखली. लवंग आंबोन बेटावर पिकवायची आणि कंपनीलाच विकायची. हद्दीबाहेर झाड दिसलं की तोडायचं. तोडायला गोरे हात पुरत नसत, म्हणून आंबोनच्या गावांनी लढाऊ होड्या द्यायच्या, वल्हेकरी द्यायचे, आणि त्यांचा शिधाही घरूनच.

त्या वल्हेकऱ्यांत हावाचा धाकटा भाऊ होता, जुमात. तिचं माहेर आंबोनच्या हितू किनाऱ्यावर. भाऊ कुऱ्हाड खांद्यावर टाकून उतार चढून आला, तेव्हा हावाने आधी त्याला पाणी दिलं, मग रडली.

झाडांखाली येताच सगळ्या वल्हेकऱ्यांनी न सांगता डोक्यावरचे रुमाल काढले. कंपनीच्या कप्तानाला वाटलं, हा मान आपलाच. तो खूश होऊन मान डोलावत राहिला. जुमात बहिणीच्या कानाशी लागला. "बघ ताई, दिवस कुणाला गेलेत तेच त्याला कळेना."

हावाला हसू आलं नाही. इद्रिसचं तेवढं झाड सोड, एवढंच तिने मागितलं. जुमातने खालमानेने सांगितलं की मागे एखादं झाड उभं राहिलं, तर ज्या गावाचे वल्हेकरी त्या गावाला आग लावतात. म्हणजे तिच्याच माहेराला.

ती झाडाला पाठ लावून उभी राहिली. "मग आधी मला तोड."

जुमातने कुऱ्हाड खाली ठेवली. मग त्याने कमरेच्या पिशवीतून पान-सुपारी काढली, विडा केला, वाकून झाडाच्या मुळाशी ठेवला आणि खोडाला तोंड लावून काहीतरी बोलला.

"काय सांगितलंस रे त्याला?"

"माझं नाव. आजपासून हे माझं. हितूला माझं झाड आहे ना, ते इद्रिसचं. ते कंपनीच्या हद्दीत आहे, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. सरक आता."

"आणि तू?"

"मी काय, वल्हेकरी. बुडायचं नशिबात असलं तर कुठलं झाड आडवं येणार आहे? सरक, ताई."

एका बाजूला पोटचा पोर, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ. हावा सरकली.

त्यानंतर लवकरच कंपनीने डोंगरावरची गावंच रिकामी केली आणि माणसं होड्यांत भरून आंबोनला आणून बसवली. हावाचं सासर असं तिच्या माहेरच्या शेजारी आलं. इद्रिस हितूच्या त्या झाडाखाली मोठा झाला. दरवर्षी आरमार निघालं की जुमातला वल्ह्यावर जावं लागे, आणि तो परत येईपर्यंत हावा उपास धरी. तो यायचा, दारातूनच ओरडायचा, "मेलेल्या माणसाला वाढ गं काहीतरी!" ती रागावून साबुदाण्याची भाकरी आणि मासा पुढे ठेवायची. त्याला ताप आला, की ती उशाशी बसून देवाला आळवायची. तो म्हणायचा, "उगाच घाबरतेस. माझं झाड तोडून झालंय. आता आणखी तोडायला उरलंय काय?"

जुमात गेला तो नातवंडं खेळवून, दात पडून, झोपेत. लोक म्हणाले, पिकलं पान होतं, चांगलं मरण आलं. इद्रिसने त्याला मुलाच्या मायेने अंघोळ घातली. त्याचेही केस तेव्हा पिकायला लागले होते. हावाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान हलवली.

पण डोंगरावरचं ते झाड उभं असतं, तर यंदाच्या कळ्याही त्याने पाहिल्या असत्या, असं तिला वाटत राहिलं.