नऊ सेकंदांत बंद केलेला प्रश्न

शिलाई मशीनच्या प्रश्नोत्तरांच्या त्या साइटवर मिस्त्रींचा भलताच दरारा होता. तोच तो प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा विचारू नये म्हणून तिथे एक पद्धत होती. प्रश्न जुनाच निघाला तर तो बंद करायचा आणि वर जुन्या प्रश्नाची लिंक लावायची. मग खालची उत्तराची चौकट आपोआप मिटायची. इतरांना त्यासाठी पाच मतं जमवावी लागत. मिस्त्रींच्या नावापुढे सोनेरी बिल्ला असल्याने त्यांचं एकट्याचं मत पुरे. रोज सकाळी चहाबरोबर ते आठ-दहा प्रश्न निकालात काढत.

"लोकांना शोधायचा कंटाळा," ते बायकोला सांगत. "दिसली चौकट की टाक प्रश्न!"

'मशीन टाके सोडते' हा तर त्यांचा घरचाच प्रश्न. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तो स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलं होतं: सुई बदला, ती उलटी बसली नाही ना ते बघा, दोऱ्याचा ताण सैल करा. बाराशे लोकांनी त्या उत्तराला पसंती दिली होती. सोमवारी शिवणकाम करणाऱ्या एका बाईने तेच विचारलं. मिस्त्रींनी शीर्षक वाचलं, नवव्या सेकंदाला प्रश्न बंद केला आणि चहाचा पुढचा घोट घेतला.

गुरुवारी त्यांच्या बायकोचंच नवं मशीन टाके सोडायला लागलं. मिस्त्रींनी ते उचलून आपल्या टेबलावर आणलं, जेवण उरकून तपासलं, तर एक टाका सुटेल तर शपथ. परत नेऊन दिलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. असं तीनदा झालं.

"तुमचं ते बाराशेवालं उत्तर वाचलंय मी," बायको पडद्याची शिवण उसवत म्हणाली. "सगळं करून झालं. आता काय, मशीनला वाचून दाखवू?"

"कुणीतरी विचारलं असेलच," असं पुटपुटत मिस्त्री साइटवर शोधायला बसले. नेमका तसा एकच प्रश्न सापडला, त्यांनीच बंद केलेला.

या वेळी त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. 'सुई बदलली, उलटी नाही, ताणही सैल केला. जुनं उत्तर पाठ आहे. पण मशीन अर्धा तास चालल्यावरच टाके सुटतात, थंड झालं की बरं होतं. बुधवारपर्यंत एका रुग्णालयाच्या चाळीस चादरी द्यायच्या आहेत. कृपा करून मदत करा.' खाली टिप्पणीत तिनेच पुन्हा लिहिलं होतं: 'हा तो प्रश्न नाही. पूर्ण वाचा ना.' बंद केलेल्या प्रश्नांच्या सूचना मिस्त्रींनी केव्हाच बंद करून टाकल्या होत्या.

त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी प्रश्न उत्तरांसाठी पुन्हा खुला केला आणि खाली लिहिलं, 'चूक माझी. मी वाचलाच नाही.'

तासाभरात तिचं उत्तर आलं. सुईचा दोरा खाली पकडणारं शटल ज्याने फिरतं, तो प्लास्टिकचा गिअर तापला की फुगतो आणि सुईचा नि शटलचा मेळ चुकतो. मेळ बसवायचा तो मशीन गरम असतानाच. थंड मशीन तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. शेवटी दोन ओळी होत्या: 'काल दुपारी माझं मलाच सापडलं. तोवर चादरींचं काम दुसरीकडे गेलं होतं. इतरांना उपयोग होईल म्हणून लगेच लिहायला आले, तर उत्तराची जागाच बंद होती.'

मिस्त्रींनी बायकोला अर्धा तास मशीन चालवायला लावलं आणि ते गरम असतानाच मेळ बसवला. पुढचे दोन पडदे सलग शिवून झाले.

"जमलं की!" बायको म्हणाली. "कुणी सांगितलं?"

"जिचं तोंड मी बंद केलं होतं, तिने."

मग त्यांनी आपला नऊ वर्षांचा प्रश्न उघडला. त्यातल्या तिन्ही युक्त्या तिच्या प्रश्नात होत्याच, आणि चौथी तिच्या उत्तरात. त्यांनी दोन्ही पानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, चहा पार गार होईपर्यंत. मग वर तिच्या प्रश्नाची लिंक लावली आणि स्वतःचा प्रश्न बंद केला.