सामाईक पिंप

धाकट्याचं पत्र आलं तेव्हा द्राक्षं हिरवी होती. आता ती जांभळी झाली, खुडणी तोंडावर आली, तरी थोरल्यानं उत्तर दिलं नव्हतं.

दोन्ही घरांच्या मध्ये नुसता एक ओढा. हाकेच्या अंतरावरचा भाऊ टपालानं पत्र पाठवतो म्हणून पोस्टमन गालातल्या गालात हसला होता. पण भाऊ तसलेच. पावसापाण्याचं तासभर बोलतील. मनातलं काढायचं म्हटलं की दोघांचीही जीभ टाळूला चिकटायची.

पत्रात एवढंच होतं : ‘दादा, यंदा तुझा रस आणि माझा रस वेगळ्या पिंपांत आंबवून बघू या का? तू म्हणशील तसं.’

ओढ्याअलीकडची काळी, कसदार जमीन थोरल्याची. पलीकडचा दगडगोट्यांचा उतार धाकट्याचा. वेल दोन्हीकडे एकाच जातीचे, वडिलांनी लावलेले. वडिलांच्या वेळेपासून सगळी द्राक्षं एकाच पिंपात पडायची, आणि वाइन निघायची ती ‘दोघा भावांची’. तिचं नाव लांबवर होतं. त्या नावात आपला वाटा किती, हा किडा थोरल्याचं डोकं पोखरत होता.

“उत्तर द्यायचंच कशाला?” चूल सारवता सारवता त्याची बायको, थोरली, म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्र मिळालंच नाही म्हणा.”

“पोस्टमननं हातात दिलंय.”

“मग वाचता आलं नाही म्हणा.”

“अगं, त्याला अक्षरं मीच शिकवली.”

“तिथंच चुकलं.”

थोरला बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

“पायाला भिंगरी लागलीय का? जा बघू मळ्यात.”

पहाटे एक सर पडून गेली होती. काळ्या रानात पाऊल टाकावं तर मणभर चिखल पायाबरोबर उठत होता. पानं दाट, घड टपोरे, नजर लागावी असे. चार मणी पाणी पिऊन तडकलेही होते. त्यानं एक तोंडात टाकला. पातळ साल, भरपूर रस, आणि गिळल्यावर जिभेवर काही नाही. बडा घर पोकळ वासा.

पाय ओढ्याकडे कधी वळले, त्यालाच कळलं नाही.

पलीकडचे दगड एव्हाना सुकले होते. तळवा टेकवला तर ऊबदार लागले. पाणी दगडांमधून केव्हाच खाली उतरलेलं. त्याच्या मागे मुळंही खोल गेली असणार. वेल खुजे, पानं विरळ, मणी वाटाण्याएवढे. त्यानं इकडंतिकडं बघून एक मणी चावला. साल जाड. आधी गोड, मग आंबट, मग एक तुरट चव, ती जायलाच तयार नाही. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

“दादा, चोरायचंच तर टोपली तरी आणायची.”

धाकट्याची बायको वेलामागून उठली. हातात कात्री होती.

थोरल्यानं बिया गिळून टाकल्या. “नाही, ते... पिकलीत का बघत होतो.”

“पिकलीत. परवा खुडतोय.” ती पुन्हा पानं छाटू लागली. “पिंप धुऊन ठेवलंय.”

“किती पिंपं?”

“एकच की. हे म्हणाले, दादाचं उत्तर नाही, म्हणजे दादाच्या मनात नाही. मी म्हटलं, समोर जाऊन विचारा. तर म्हणे, त्याला अवघड वाटेल.”

“रागावला का?”

“ते कसले रागावतात. दोन दिवस पायाला भिंगरी लागल्यासारखे फिरत होते. तुमचाच भाऊ.”

थोरला ओढ्याकडे वळला. आता नुसतं गप्प राहिलं की झालं. यंदाही सगळं एकत्र पडेल, नाव राहील, आणि धाकटा त्याला पुन्हा कधी विचारणार नाही.

घरी येऊन त्यानं कागद घेतला. ‘तुझी जमीन’ लिहिलं, खोडलं. ‘माझी द्राक्षं’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं : ‘पिंपं वेगळी कर. माझा रस पातळ निघेल. तुझी द्राक्षं तुझ्या बायकोच्या समोर चाखून आलोय, तिला विचार. विचारणाऱ्याला कुठली वाइन कुणाची ते सांग. उतारावर जागा उरली असेल तर पुढच्या वर्षी मला चार ओळी लावायला दे.’

“वाचून दाखवा,” थोरली म्हणाली. ऐकून तिनं कागद पाकिटात घातला. मग म्हणाली, “आजचं टपाल निघायच्या आत जा. नाहीतर परवापर्यंत पोचायचं नाही.”

तो जवळजवळ पळतच चौकात गेला. टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरून उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, “आजोबा, टाकताय का?”

त्यानं सोडलं. मग फटीत बोटं घालून पाहिली. पाकिटापर्यंत पोचत नव्हती.