एकशे सत्तावीस नंबरचं कार्ड

हेमचंद्रला बेसबॉलच्या कार्डांचा नाद मी लावला, ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. दोन हजार तेरा साली तो सिंगापुरात चोआ चू कांगला आमच्या फ्लॅटवर जेवायला आला, माझा अल्बम चाळला आणि म्हणाला, "निशिकांत, मस्त छंद आहे रे." मी अमेरिकेत प्रोजेक्टवर होतो तेव्हापासून दोनशे कार्डांचा एक जुना संच जमवत होतो. विकत काही घ्यायचं नाही, अदलाबदलीनेच मिळवायचं, हा माझा नियम. एकशे नव्याण्णव झाली होती. राहिलं होतं एकशे सत्तावीस नंबरचं, एका डावखुऱ्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. आणि या गृहस्थाला शिकागोच्या बहिणीने पाठवलेल्या पहिल्याच जुन्या पाकिटात नेमकं तेच निघालं.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते थांबलंच नाही.

महिन्यातून एका शनिवारी आम्ही सेरंगूनच्या मॉलमधल्या फूड कोर्टात भेटायचो. आपापली डबल कार्डं टेबलावर मांडायची आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत अदलाबदल करायची. त्या एकासाठी मी त्याला दहा दिली असती. तो नुसता हसायचा. "राहू दे रे, लाडकं आहे ते माझं." लाडकं म्हणे. पिचर कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या शनिवारी त्याने ते कार्ड खिशातून काढून माझ्यापुढे ठेवलं. पिचरच्या टोपीवर हळदीकुंकू. हळद कागदात मुरली होती आणि ओलं कुंकू हनुवटीपर्यंत ओघळलं होतं.

"नीलिमाने केलं," तो म्हणाला. नीलिमा त्याची बायको. "पूजेला मी लॅपटॉप ठेवत होतो. ती म्हणाली, तुझा जीव त्यात थोडाच आहे? आणि हे शोधून पाटावर ठेवलं. प्लास्टिकवरून पूजा पोचत नाही, म्हणून कव्हरातून बाहेर काढून."

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डाग पडलेल्या कार्डाला जमवणारे हात लावत नाहीत. मी चेहरा पाडून "अरेरे" म्हटलं. "तू काही बोलला नाहीस तिला?"

"काय बोलणार? कौतुकाने दाखवत होती. तीनशे कार्डं आहेत माझ्याकडे. त्यातलं माझं लाडकं कुठलं, ते तिला न सांगता कळलं रे."

मग त्याने बॅगेतून आणखी एक काढलं. तोच पिचर, तोच नंबर, एकही कोपरा मुडपलेला नाही. "तुझ्यासाठी ताईला कधीचं सांगून ठेवलं होतं, आता मिळालं. बदल्यात कुठलंही डबल दे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं आणि माझी नजर त्या डागावरून हटत नव्हती. माझ्या बायकोने, गार्गीने, माझा अल्बम उचलला असेल तर तो धूळ पुसायला. मी म्हणालो, "हे तू ठेव. मला ते हळदीकुंकवाचं दे."

तो थट्टा समजून हसला. मी वर आणखी पाच कार्डं देऊ केली, तेव्हा त्याचं हसू गेलं. "अरे, ते कसं देणार?" त्याने ते रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. हिसकावून घ्यावं असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, माझा हात थोडा पुढेही गेला.

शेवटी एक डबल देऊन मी नवं कार्डच घेतलं. घरी येऊन ते शेवटच्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं आणि गार्गीला सांगितलं की संच पूर्ण झाला. ती इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली, अल्बम जवळ ओढला आणि एकेक पान सावकाश उलटत शेवटपर्यंत गेली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

"यातलं तुझं आवडतं कुठलं?" तिने विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे एकच कार्ड होतं आणि ते हेमचंद्रच्या खिशात होतं.

"सगळीच," मी म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा इस्त्रीकडे वळली.