निर्दोष पत्रक

निवडणूक जाहीर झाली की शिंपीकाकांच्या दुकानात इस्त्री थंड व्हायची आणि डोकी तापायची. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून, ताग्यांना पाठी टेकून, मंडळी प्रचारपत्रकांचा कीस पाडायची. अध्यक्ष अर्थातच हेडमास्तर. ते निवृत्त झाले होते, पण हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"बोलतंय कोण, भीती कशाची घालतंय आणि सांगायचं काय टाळतंय? हे विचारल्याशिवाय मान डोलवायची नाही," ते बजावायचे.

त्यांच्या शेजारी कंडक्टर. उभा जन्म लोकांना 'पुढे सरका' म्हणण्यात गेल्यामुळे पुढे नेण्याच्या कुठल्याही आश्वासनावर त्याचा विश्वास नव्हता. आणि कोपऱ्यातल्या एकुलत्या एका खुर्चीवर काकांचे जावई. वॉर्डातल्या उमेदवाराची पत्रकं हेच लिहायचे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. "लिहिणाऱ्यालाच समोर बसवून त्याची सालं काढायची, ही खरी लोकशाही!" असं हेडमास्तरांचं मत. जावई सालं काढून घेत आणि चहा सांगत.

एका संध्याकाळी पलीकडच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टर आल्या.

"आमचं प्रसूतिगृह बंद होणार असं ऐकतेय. शहराच्या त्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात मला जागा मिळतेय, पण उत्तर या महिन्यातच द्यायचंय. तुम्ही पत्रकं वाचता. सांगा, जाऊ की थांबू? माझ्या एकटीच्या पगारावर घर आहे हो."

हेडमास्तरांनी चष्मा लावला. पत्रकावर छापलं होतं, 'आरोग्य हाच आमचा श्वास!'

"दमा असेल," कंडक्टर म्हणाला.

"यात कोणी काही करणार असं कुठेच नाही," हेडमास्तर म्हणाले. "शून्य गुण."

"बरोबर आहे सर," म्हणत जावयांनी ते टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात नवं पत्रक आलं, 'प्रसूतिगृह बंद पडू देणार नाही!'

"कुठलं प्रसूतिगृह? किती वर्षं? पैसा कुठून आणणार? आणि शब्द मोडला तर काय?"

"वा, सर!" जावयांनी पुन्हा टिपून घेतलं.

मग तिसरं पत्रक आलं. 'कोपऱ्यावरचं प्रसूतिगृह पुढची पाच वर्षं चालू ठेवीन. खर्च नव्या बागेच्या निधीतून करीन. जमलं नाही, तर नगरसेवकपदाचा राजीनामा देईन.'

हेडमास्तरांनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं. आपलीच शिकवण छापून आलेली बघून त्यांचे डोळे पाणावले.

"खोट काढायला जागा नाही."

"पण लिहिणारे हेच ना?" कंडक्टरने खुर्चीकडे हनुवटी केली. "पहिलं पण ह्यांचंच, तिसरं पण ह्यांचंच. उमेदवार पण तोच. मधल्या मध्ये त्याचं मन कधी पालटलं?"

"हा व्यक्तिगत आरोप झाला! आपण मजकुरावर बोलतोय."

"सर, मी तिकीट बघायचो तेव्हा माणसाचं तोंडही बघायचो."

"म्हणून तर तुमच्या गाडीत भांडणं व्हायची," शिंपीकाका म्हणाले. सगळे हसले. कंडक्टरही हसला, आणि तो मुद्दा तिथेच संपला.

सिस्टर हसल्या नाहीत. "म्हणजे थांबू?"

हेडमास्तरांनी हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले. जावयांनी मात्र सभ्यपणे तटस्थ राहणं पसंत केलं.

सिस्टरांनी मोठ्या रुग्णालयाला नकार कळवला. एवढंच नाही, तर ड्यूटी संपली की पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्या बाळंतिणींच्या घरोघर फिरल्या. स्वतःच्या हातांवर जन्मलेल्या पोरांच्या आयांना त्यांनी शब्द दिला. उमेदवार दणदणीत निवडून आला.

बाग झाली. कारंजंही झालं. प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. राजीनाम्याबद्दल विचारायला गेलेल्यांना साहेब बैठकीत आहेत असं कळलं. ते अजूनही बैठकीतच आहेत.

त्यानंतर मंडळी बसली तेव्हा विषय तोच होता. "आपलं विश्लेषण चोख होतं," हेडमास्तर समजावत होते. "मजकूर निर्दोषच होता. अंमलबजावणी हा आपला विषय नव्हता."

तेवढ्यात शटरखालून वाकून सिस्टर आत आल्या. हातात निळ्या कापडाची घडी होती. जावई पटकन उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. सिस्टर उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला मजकूर माहीत होता, सिस्टर."

कंडक्टर छताकडे बघत बसला. हेडमास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. मोठ्या रुग्णालयातली जागा केव्हाच भरली होती. आता सिस्टर एका बंगल्यात, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे कामाला लागणार होत्या. गणवेश त्या घरच्यांनी सांगितलेल्या रंगाचा हवा होता.

शिंपीकाकांनी गळ्यातली टेप काढली. मान वर न करताच विचारलं, "कमरेत सैल ठेवू का जरा?"

"ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "वाकता आलं पाहिजे. फरशीही मलाच पुसायचीय."