न्यायाधीशांचा मित्र

आमचे हे न्यायाधीश झाले तेव्हा सगळे माझं अभिनंदन करायला आले. मी म्हणते, सांत्वनाला यायला हवं होतं.

त्याआधी हे साधे वकील होते आणि यांचे मित्र, म्हणजे माझे भाऊजी, तेही वकील. सख्खे दीर नव्हेत, पण सख्ख्यांनी लाजावं असे. कोर्टासमोरच्या जिन्याखाली दोघांचं मिळून एक ऑफिस होतं. टेबल एक, पंखा एक, आणि तो कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून रोज जुंपायची. यांनी दावे लिहायचे, भाऊजींनी ते कोर्टात गाजवायचे. पक्षकार गेले की दोघं आमच्याकडे यायचे, आणि जेवणं उरकली तरी गप्पा संपायच्या नाहीत.

गावात कोर्ट एकच. आता हे खुर्चीवर बसणार आणि भाऊजी समोर उभे राहणार. नेमणूक हातात पडताच यांनी भाऊजींना सांगून टाकलं, की आजपासून येणं-जाणं बंद, उद्या कुणी म्हणायला नको की निकाल घरच्या ताटावर ठरला. मला वाटलं, भाऊजी भांडतील. ते हसले.

"बरोबर आहे तुझं," म्हणाले. "निवृत्त झालास की ये. तोवरच्या गप्पा साठवून ठेवतो."

आमचे हे म्हणजे एकदा धरलं की सोडायचं नाव नाही. यांची बदली कधी झालीच नाही, आणि एक तपभर त्यांनी तो नियम पाळला. भाऊजी समोरून येताना दिसले की रस्ता बदलायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मला एकटीला पाठवलं, तेव्हा मी तोंड सोडलं. न्याय आंधळा असतो हे ऐकलं होतं, माणूसघाणा असतो हे ठाऊक नव्हतं, असं म्हटलं. हे चष्मा पुसत बसले. आणि जेवताना मात्र भाऊजींनी आज काय मुद्दा काढला, साक्षीदाराला कसं कोंडीत पकडलं, ते मला शब्दन्शब्द ऐकवायचे, पोटच्या पोराचं कौतुक सांगावं तसं.

मी मात्र अधूनमधून भाऊजींकडे जायची. माझी कुठे नेमणूक झाली होती? त्यामुळे मला आधी कळलं. भाऊजी आधी किल्ल्या विसरायला लागले, मग रस्ते. मी यांना सांगितलं, तर यांनाही ते कोर्टात दिसू लागलंच होतं. एकदा भर कोर्टात भाऊजी स्वतःच्याच पक्षकाराविरुद्ध बोलत सुटले, लोक हसले, आणि यांना वरून नुसतं बघत बसावं लागलं होतं. मी म्हटलं, आत्ता उठा आणि जा, त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं? तर म्हणे, त्याचा एक दावा अजून माझ्यापुढे आहे, निवृत्तीला थोडे महिने उरलेत, जाता जाता बट्टा कशाला लावून घ्यायचा. त्या रात्री हे जेवले नाहीत.

निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दाढी करून, रंगीत सदरा घालून तयार. मला म्हणाले, चल लवकर. मला या माणसाचा राग आला आणि कीवही आली.

भाऊजींच्या बायकोने दार उघडलं. भाऊजी खुर्चीत बसले होते. यांना बघताच ते उठले, सदऱ्याचं बटण लावलं आणि वाकून म्हणाले, "साहेब."

"अरे, मी आहे," हे म्हणाले. "मी आलो."

"थोडी मुदत हवी होती, साहेब. माझा मित्र यायचाय. निवृत्त झाला की येणार आहे."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताठ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "दिली मुदत." तरी भाऊजी बसेनात. साहेब उभे असताना ते कसे बसणार? मग हे बसले, तेव्हा कुठे तेही बसले.

भाऊजी सारखे दाराकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळले. मला त्यांनी ओळखलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, पण खोली केवढीशी, सगळं ऐकू जात होतं. "साहेबांना जायला सांगा ना. ते इथे बसलेले दिसले तर तो दारातूनच परत जाईल. तुम्हाला माहीतच आहे, किती नियमाचा माणूस आहे."

हे उठले, भाऊजींना नमस्कार केला आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.