माझ्या अंगावर नसलेली अक्षरं

मी डोळे तपासायचा तक्ता बोलतोय. छापखान्यातून आलेला गुळगुळीत तक्ता नव्हे हं! जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर दोन मुलींनी काळ्या शाईने रंगवलेला. त्या दुपारची आठवण आली की अजून माझे कोपरे थरथरतात. लोकांना वाटतं, पंख्याचा वारा लागला.

माझा जन्म अकरावीच्या वर्गात, संख्याशास्त्राच्या तासाला झाला. वर्ष संपत आलं होतं. बाई म्हणाल्या, "यंदा लेखी परीक्षेऐवजी प्रकल्प. पुस्तकातले शिळे आकडे मला दाखवू नका. स्वतः जा, स्वतः मोजा."

मग काय, वर्गाला उधाण आलं. कोणी डावी चप्पल जास्त झिजते की उजवी, हे पाहायला लोकांच्या दारातल्या चपला उलट्या करू लागलं. कोणी फुगा फुटेपर्यंत किती फुंकरा लागतात ते मोजलं. दोघी मात्र वेगळंच घेऊन बसल्या. एक होती चिमणी. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. दुसरी बडबडी, तिचं नाव तसं का पडलं ते सांगायला नको. त्यांना शोधायचं होतं की मागच्या बाकावरच्या मुलांना कमी मार्क पडतात, ते अभ्यास नसतो म्हणून की फळा दिसत नाही म्हणून.

"तक्त्यावर अर्थ लागेल अशी अक्षरं ठेवू नका," बाईंनी बजावलं. "माणूस अंदाजाने वाचतो. चिठ्ठ्या काढा."

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा खळाखळा हलवला आणि एकेक अक्षर निघत गेलं. वरच्या ओळीत मोठा 'ग'. खाली 'ल ट'. त्याखाली 'प च ण'. चौथ्या ओळीत 'ह ठ ब य'. पुढे आणखी बारीक. खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटलं. सगळं अंग अक्षरांनी भरलेलं आणि अर्थ एकाही शब्दाचा नाही!

मला व्हरांड्याच्या टोकाला टांगलं. वीस फुटांवर फरशीला लाल पट्टी चिकटवली. तिथे उभं राहायचं, एक डोळा पुठ्ठ्याने झाकायचा आणि वाचायचं. नाव लिहायचं नाही, फक्त वर्ग, बाक आणि कितवी ओळ. चिमणी विचारायची, बडबडी लिहायची.

पहिला धक्का दुसऱ्याच दिवशी बसला. नेहमी शेवटच्या बाकावर बसणारा एक धिप्पाड मुलगा आला. दुसऱ्या ओळीशी अडकला. चिमणीने विचारलं, "अरे, मग फळ्यावरचं कसं वाचतोस?"

"वाचतो कुठे?" तो म्हणाला. "मला वाटायचं, सगळ्यांना असाच दिसतो. पांढरं पांढरं."

बाई मागेच उभ्या होत्या. त्या मटकन पायरीवर बसल्या. याच मुलाला त्यांनी वर्षभर 'लक्ष नाही' असा शेरा दिला होता.

एकशे ऐंशी मुलं झाली. त्यातल्या एकतीस जणांना पाचवी ओळ दिसली नाही आणि सव्वीस जणांनी हे घरी कधी सांगितलंच नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "मोठ्यांनाही तपासा, म्हणजे तुलना करता येईल." शिपाई झाले, शिक्षक झाले. आणि एका दुपारी, शाळा सुटायला तास होता तेव्हा, मामा आला.

मामा म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सगळी शाळा त्याला मामा म्हणायची, पण चिमणीचा तो सख्खा मामा. वडील गेल्यापासून तिला आणि तिच्या आईला त्यानेच सांभाळलं होतं. त्रेचाळीस मुलं रोज त्याच्या गाडीतून जायची. गाडी चालवताना तो कोडी घालायचा, म्हणून पुढच्या सीटसाठी मारामारी व्हायची.

"घ्या, माझीपण परीक्षा घ्या!" तो हसत पट्टीवर उभा राहिला. डावा डोळा झाकला. "ग. ल, ट. प... च... ण."

चौथ्या ओळीला त्याने घसा खाकरला आणि धडाधड म्हटलं, "न, द, र, म, ख!"

मी हादरलो. माझ्या चौथ्या ओळीत अक्षरं चारच होती. त्याने पाच म्हटली! आणि त्यातलं एकही माझ्या अंगावर नव्हतं. पुढची ओळही त्याने तशीच घडाघडा म्हटली. क्षणभर मला वाटलं, माझीच शाई पुसली गेली की काय.

बडबडीची लेखणी थांबली. ती वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहू लागली.

"मामा, चेष्टा नको ना," चिमणी म्हणाली. "नीट वाच."

मामाने डोळे चोळले. "शाई फिकी आहे गं तुमची. बरं, मला गाडी पुसायचीय," असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

शेवटच्या तासाला व्हरांडा रिकामा झाला. तेव्हा तो परत आला. अगदी माझ्या जवळ. त्याचा श्वास माझ्या कागदावर येत होता. बोट लावून पुटपुटत होता, "ह, ठ, ब, य... ह, ठ, ब, य..."

तो मला पाठ करत होता! इतका अवघडलो मी, की वाटलं खिळ्यावरून निसटून पडावं.

"मामा?" चिमणी मला उतरवायला आली होती. "काय करतोयस?"

तो दचकला. मग खोटं बोलण्याचं बळच गेल्यासारखा भिंतीला टेकला.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"दोन वर्षं असतील. आधी वाटलं, गाडीची काच मळलीय."

"आणि ड्रायव्हरांची दरवर्षीची डोळ्यांची तपासणी?"

"तिथला तक्ता कधी बदलतच नाही. रांगेत पुढची माणसं मोठ्याने वाचतात. ऐकून ऐकून पाठ झाला. मघाशी तुमच्यासमोरही तोच म्हटला." त्याने तिचे हात धरले. "मला रस्ता पाठ आहे गं. कुठे वळण, कुठे खड्डा, सगळं सांगतो."

"रस्ता पाठ असेल. पण मध्येच धावत आलेलं पोर कसं पाठ करशील?"

"हळू चालवतो मी. आजवर कोणाला ओरखडा नाही. नोकरी गेली तर तुझं शिक्षण, तुझी आई... कागदावर लिहू नकोस एवढंच."

"कागदावर नाव नाहीच आहे तुझं. पण आता मुलं गाडीत बसतील, मामा. तू मोठ्या बाईंना जाऊन सांग. नाहीतर मी सांगते."

"उद्या सांगतो. शप्पथ, उद्या," असं म्हणत तो गेला.

घंटा झाली. चिमणीने मला गुंडाळलं, काखेत मारलं आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे धावली. खोलीला कुलूप. ती तशीच आवारात पळाली. मुलं चढून बसली होती, इंजिन सुरू झालं होतं. तिला काय वाटलं कोण जाणे. ती सरळ बसच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मला मुठीत धरून दोन्ही हात पसरले.

बसच्या काचेवर उतरतं ऊन पडलं होतं. काचेमागे मामाचा चेहरा दिसत होता. तो तिच्याकडेच पाहत होता. आम्हाला वाटलं, आता उतरेल.

बस पुढे आली.

चिमणीला हलता येईना. बडबडी पायरीवरून किंचाळली, "मामा, थांबा! चिमणी आहे! समोर चिमणी आहे!"

करकचून ब्रेक लागला. बसचं नाक आमच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. मी तिच्या हातातून कधी गळून पडलो ते दोघांनाही कळलं नाही.

मामा खाली उतरला. चाचपडत पुढे आला, तिच्या खांद्याला हात लावला, चेहऱ्याला लावला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तू होतीस?" तो म्हणाला. "मला... मला कोणीच दिसलं नाही गं."

त्याने किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि सगळ्या मुलांदेखत मातीत बसला. मोठ्या बाई आल्या तेव्हा त्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या दिवशी पालकांना बोलावून मुलं घरी पाठवली.

डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. दुसऱ्याची नस सुकली आहे. वेळेवर आला असता तर वाचली असती. शस्त्रक्रिया झाली. आता मामा गाड्यांच्या शेडमध्ये हवा भरतो, नटबोल्ट आवळतो. पगार निम्मा. तपासणीच्या ठिकाणी मात्र त्याने स्वतः जाऊन कबुली दिली आणि तिथला तक्ता बदलायला लावला.

घरी आई चिमणीशी अकरा दिवस बोलली नाही. "सख्ख्या मामाच्या पोटावर पाय दिलास," हे शेवटचं वाक्य. त्यानंतर ताट वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. पोरगी माझ्याजवळ आकडे मांडत बसायची आणि मधेच खोडरबर शोधायचं निमित्त करून डोळे पुसायची.

प्रकल्पांच्या प्रदर्शनाच्या दिवशी मला वर्गात टांगलं आणि समोर तशीच लाल पट्टी चिकटवली. बसलेल्या मारामुळे मधोमध चुरगळलेला. पालक येत होते, वाचत होते. गर्दी ओसरली तेव्हा चिमणीची आई दारात दिसली. कोणाशी न बोलता ती लाल पट्टीवर उभी राहिली आणि सगळ्या ओळी वाचल्या, अगदी शेवटची बारीकसुद्धा. मग लेकीकडे न पाहता तिने विचारलं,

"त्याला कुठवर दिसलं होतं?"

चिमणीने तिसऱ्या ओळीखाली बोट ठेवलं.

आई पुढे आली, तिसऱ्या ओळीखालची सगळी जागा तिने पंज्याने झाकली. किती थोडं उरलं होतं वर!

"एवढ्यावर?" ती म्हणाली. "आणि रोज सकाळी मीच तुला त्या गाडीत चढवत होते?"

तिने चिमणीला जवळ ओढलं, इतक्या जोरात की मी खिळ्यावरून सुटून त्यांच्या पायाशी पडलो. बराच वेळ मला कोणी उचललं नाही. माझी काही तक्रार नाही.

हल्ली मी बाईंच्या कपाटात असतो. दरवर्षी नवी मुलं डबा हलवून नवा तक्ता करतात, तेच बरं. तरी कधी आमच्यापैकी एखाद्यासमोर उभे राहिलात, तर एक विनंती आहे. नाही दिसलं, तर 'नाही दिसत' एवढंच म्हणा. आम्ही कागदाचे, आम्हाला राग येत नाही.